उर्दू कागद

चित्राखाली एक लहानशी पांढरी चिठ्ठी असते. चित्राचं नाव, आकार, माध्यम. आमच्या सोलापुरात, आमच्याच पेठेतल्या सार्वजनिक वाचनालयात अलीकडे मिश्र माध्यमातल्या चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. त्यातल्या सातव्या चित्राखालच्या चिठ्ठीवर माध्यम म्हणून लिहिलं होतं : 'चादरीचा धागा, तेंदूपत्ता, ॲक्रिलिक रंग, उर्दू कागद.'

धागा कळला. तेंदूपत्ता तर घरातलाच. माझ्या आईने आयुष्यभर विड्या वळल्या, त्या पानाचा वास मला झोपेतही ओळखता येईल. पण उर्दू कागद? पतंगाचा कागद असतो, खाकी कागद असतो, वह्यांना घालायचा कागद असतो. उर्दू कागद कोणत्या कारखान्यात तयार होतो आणि रिमाला काय भाव पडतो, हे मी ग्रंथपालांना विचारलं. ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतोय.

गंमत नव्हती. बाजूच्या चिठ्ठ्या वाचा. तिसऱ्या चित्राखाली 'जुनं पंचांग'. पाचव्याखाली 'गिरणी कामगाराची पगारचिठ्ठी, सातबारा उतारा'. सहाव्याखाली 'तेलुगू लग्नपत्रिका'. म्हणजे प्रत्येक कागद आधी काय होता, कोणाच्या घरातून आला, त्यावर कशाची नोंद होती, हे चित्रकाराला माहीत होतं आणि ते सांगावंसंही वाटलं होतं. सातव्या चित्रातला कागद मात्र फक्त उर्दू होता. त्यावर काय लिहिलंय हा प्रश्न कोणाला पडलाच नव्हता. उर्दू आहे, एवढं पुरे.

मी ज्याबद्दल भांडायला बसलोय ते एवढंच आहे. पण पुढे जे घडलं त्याने ही चिठ्ठी फारच मोठी होऊन बसली.

आधी प्रदर्शनाला त्याचं श्रेय देतो, कारण ते चांगलं होतं. वाचनालयात चित्रं लावायला भिंत कुठली? भिंतींना कपाटं, कपाटांवर गठ्ठे, आणि मोठ्या दालनात स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका. ती मुलं तर आता वाचनालयाची खरी मालक आहेत. सकाळी सातला येतात, रात्री कुलूप लावताना उठतात, आणि आमच्यासारखे कादंबऱ्या बदलायला येणारे म्हातारे त्यांच्या मधून चोरपावलांनी चालतात. अशा जागेत एका तरुण चित्रकाराने बारा चित्रं लावली. काही खिळ्यांवर, काही कपाटांना टेकवून जमिनीवर. विषय होता हे शहर आणि इथल्या भाषा. सोलापूरला तो विषय शोधून काढावा लागत नाही. इथे रिक्षावाला एका चौकात मराठी, दुसऱ्यात कन्नड, तिसऱ्यात तेलुगू आणि चौथ्यात आमची दखनी बोलतो. चित्रकाराची आई विणकर घरातली. तेलुगू लग्नपत्रिका तिच्या ट्रंकेतली होती, हे त्यानेच मला सांगितलं. सुताच्या गुंत्यात ती पत्रिका अशी अडकवली होती की हळदीचा डाग बरोबर मधोमध यावा. मी त्या चित्रासमोर बराच वेळ उभा होतो.

सातव्या चित्रात खाली तेंदूपत्त्याची पानं एकावर एक, कडा कात्रीने चौकोनी कापलेल्या, विडीची पानं कापतात तशा. वर लाल धागा. आणि मागे सगळीकडे छापील उर्दू, त्यावर पातळ तपकिरी रंगाचा हात. जुन्या मशिदीच्या भिंतीसारखं काहीतरी दिसावं, असा बेत असणार. दिसतही होतं. फक्त एक भानगड होती. मला उर्दू वाचता येत नाही म्हटलं तरी चालेल, मी मराठी शाळेचा. आईने लहानपणी अक्षरं गिरवून घेतली तेवढीच. पण काफ आणि गाफ या अक्षरांच्या डोक्यावर तिरपे फटकारे असतात, आणि ते या चित्रात खाली लोंबत होते. सगळी पानं उलटी चिकटवलेली होती.

मी मोबाइलवर फोटो काढला आणि घरी आलो. चित्रकाराला सावकाश सांगू, असा विचार होता.

सावकाशीला वेळ मिळाला नाही. पुढच्या शुक्रवारी नमाजनंतर मोहल्ल्यातले पाच-सहा बुजुर्ग वाचनालयात आले. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की 'अरबी हर्फ' जमिनीवर, लोकांच्या पायाशी मांडून ठेवलेत. मी तिथेच होतो. ते ओरडले नाहीत, धमकी दिली नाही, हे नमूद केलं पाहिजे, कारण गावात नंतर भलतंच सांगितलं गेलं. त्यातले एक, ज्यांना मी मामू म्हणतो, कार्यवाहांना एवढंच म्हणाले, "ये ऐसा नीचे रखना अच्छा नहीं दिखता साब, उठा लेव." कार्यवाहांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी अध्यक्षांना फोन लावला. संध्याकाळी मी परत गेलो तेव्हा सातव्या चित्राच्या जागी कपाटाची रिकामी बाजू होती आणि चिठ्ठी मात्र तशीच चिकटलेली. चित्र आतल्या खोलीत, जीर्ण पुस्तकांच्या कपाटामागे, तोंड भिंतीकडे करून.

"विषय वाढायला नको," अध्यक्ष म्हणाले. "तुमच्याच लोकांच्या भावनांचा आदर केला."

त्या रात्री मी तो फोटो माझ्या भाचीला दाखवला. ती उर्दू माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते. तिने मोबाइल हातात घेतला, उलटा फिरवला, बोटांनी मोठा केला आणि हसायलाच लागली. "मामू, हे तर आमच्या चौथीचं पुस्तक आहे. दरवर्षी शिकवते मी हे." मग बोट ठेवून वाचत गेली : जिजाबाई. शिवनेरी. तोरणा.

महाराष्ट्रात चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास असतो. मराठी शाळेत असतो तसाच उर्दू शाळेतही. बालभारती तेच पुस्तक उर्दूत छापते. १९६७ साली स्थापन झालेलं हे मंडळ मराठीबरोबर उर्दू, कन्नड, गुजराती, सिंधी अशा अनेक भाषांतून पाठ्यपुस्तकं काढतं, आणि सोलापुरात रद्दीच्या दुकानात उर्दूचा कागद म्हणून जे मिळतं त्यात शाळेची पुस्तकंच जास्त असतात. जून आला की मागच्या वर्षीचा गठ्ठा रद्दीत जातो. चित्रकाराने तिथून किलोवर घेतला असणार. यात काही रहस्य नाही.

तर हिशोब मांडू. चित्रकाराने या पानांत मशिदीची भिंत पाहिली. बुजुर्गांनी धर्मग्रंथ पाहिला. समितीने दंगल पाहिली. पानावर होता तोरणा किल्ला. आणि ही सगळी मंडळी एका वाचनालयात उभी होती. वाचनालयात! जिथे दारावरच 'वाचाल तर वाचाल' अशी पाटी लावलेली असते तिथे तीन पक्षांनी एक छापील पान आपापल्या परीने हाताळलं आणि एकानेही ते वाचलं नाही.

मला इथे थांबून एक भीती सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख लबाडीचा होईल. भाचीने नाव वाचलं तेव्हा हसण्याच्या दुसऱ्याच क्षणी आम्ही दोघंही गप्प झालो. पानं उलटी चिकटवलेली आहेत. महाराजांच्या नावाचं पान, उलटं, आणि वाचनालयावर दबाव आणणारे मुसलमान. हे उद्या कोणी कसं सांगेल, याची कल्पना तुम्हाला आहे आणि मलाही. म्हणून मी दहा दिवस कोणाला बोललो नाही. आता बोलतोय, कारण न बोलल्याने ते चित्र कपाटामागे कायमचं राहील. ज्यांना यावरून मोर्चा काढायचा असेल त्यांना एवढंच सांगणं आहे की पान उलटं लागलं ते अक्षरओळख नसल्यामुळे. अवमान करायला आधी वाचता यावं लागतं.

बुजुर्गांच्या बाजूचं मी समजू शकतो. माझी दादी रस्त्यात पडलेला उर्दू कागदाचा कपटा उचलायची, फुंकर मारायची, कपाळाला लावून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची. कोनाडा भरला की मशिदीतल्या पेटीत टाकायला आम्हाला पाठवायची. त्या कपट्यांत सिनेमाच्या जाहिराती असत, हकिमाच्या गोळ्यांच्या असत. दादीला वाचता येत नव्हतं. अक्षर एकच, कुराणाचं आणि गोळ्यांचं, म्हणून ती सगळ्यालाच अदब दाखवायची. निरक्षर बाईच्या त्या अदबीपुढे मी आजही मान झुकवतो. पण शुक्रवारी आलेले मामू निरक्षर नव्हते. त्यांचं शिक्षण उर्दू शाळेत झालंय. ते वाकले असते, मान थोडी वाकडी केली असती, तर त्यांनाच पहिल्यांदा कळलं असतं, आणि मग किती वेगळी दुपार झाली असती! त्यांनी स्वतः समितीला वाचून दाखवलं असतं. लिपीला पवित्र मानून तिच्याकडे पाहायचंच नाही, ही सवय आपल्याला लागली आहे, आणि तिचा फायदा उर्दूला कधीच झालेला नाही. उर्दूत किराणा दुकानाची उधारी लिहिली जाते, रेल्वेचं वेळापत्रक छापलं जातं, कम्युनिस्टांनी जाहीरनामे छापले, आणि बालभारती तोरणा किल्ला छापते. ती भाषा आहे. ताईत नाही.

आणि कलेचा प्रश्न निघाला की आपल्या मोहल्ल्याची आठवण फार निवडक असते. मकबूल फिदा हुसेन याच जिल्ह्यातले, पंढरपूरचे, जन्म १९१५. त्यांच्या चित्रांवरून खटले भरले गेले, २००६ नंतर ते देशाबाहेर राहिले, २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या एका चित्रावरून चाललेले खटले रद्द केले तरी ते परतले नाहीत, २०११ मध्ये लंडनला वारले. त्या काळात चहाच्या टपरीवर आम्ही सगळे कलास्वातंत्र्याचे वकील होतो. पण २००४ मध्ये त्यांच्याच 'मीनाक्षी' चित्रपटातल्या कव्वालीच्या शब्दांवर मुस्लिम संघटनांनी हरकत घेतली आणि हुसेन यांनी चित्रपट थिएटरांतून काढून घेतला, हे कोणी काढत नाही. सातवं चित्र उचलायला सांगताना मामूंना दोन्हींपैकी एकही आठवलं नाही. मला आठवलं, आणि मी तोंड उघडलं नाही. ते माझ्या नावावर.

आता चित्रकाराकडे येतो. त्याच्यावर माझा राग नाही, पण तक्रार आहे. छापील कागद चित्रात चिकटवण्याची रीत जुनी आहे. पिकासो आणि ब्राक यांनी १९१२ मध्ये पॅरिसात वर्तमानपत्रांचे तुकडे चित्रांत डकवायला सुरुवात केली. पिकासोच्या त्या तुकड्यांत बाल्कन युद्धाच्या बातम्या आहेत, आणि अभ्यासक आजही त्या बारीक टायपातल्या ओळी वाचून वाद घालतात की त्याने त्या मुद्दाम निवडल्या की हाताला लागल्या. वाद घालता येतो, कारण ओळी वाचल्या जातात. उर्दूचंच उदाहरण हवं तर झरीना हाश्मी. अलीगढला जन्मलेल्या, जगभर राहिलेल्या. त्यांची १९९९ ची लाकूडठशांची मालिका आहे, छत्तीस चित्रांची, प्रत्येक चित्रात एक उर्दू शब्द. घर ही त्या मालिकेची कल्पना, आणि तिथला शब्द म्हणजे चित्राचा दरवाजा. तो उलटा लावला तर आत जाता येणार नाही.

आमच्या चित्रकाराला आईच्या ट्रंकेतली पत्रिका माहीत होती म्हणून त्याने हळदीचा डाग जपला. उर्दू पानाच्या बाबतीत त्याने रद्दीवाल्यालासुद्धा विचारलं नाही. वाचनालयापासून शंभर पावलांवर उर्दू शाळा आहे. तिसरीतलं पोरही त्याला सांगू शकलं असतं, काका, हे उलटं आहे. आणि त्याला कळलं असतं की त्याच्या हातात काय आहे, तर ते चित्र कुठल्या कुठे गेलं असतं! विडी वळणाऱ्या बाईच्या मुलीने उर्दूत शिकलेला तोरणा किल्ला, तेंदूपत्त्याच्या मागे. तो शहराची भाषा शोधत होता ना? ती त्याच्या हातात होती. त्याने तिच्यावर तपकिरी रंग फिरवला.

पण सगळ्यात मोठी तक्रार वाचनालयाशी आहे, आणि ती चित्राच्या आधीची आहे.

चित्र हलवल्यावर मी समितीला विचारलं की प्रदर्शनात उर्दू चालते, मग कपाटात एकही उर्दू पुस्तक का नाही? उत्तर मिळालं, मागणी नाही. हे उत्तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक वाचनालयात तयार असतं. २०११ च्या जनगणनेत राज्यातल्या सुमारे ७५ लाख लोकांनी उर्दू मातृभाषा नोंदवली. सोलापूर त्यात मागे नाही. बालभारती ज्या वर्षी सुरू झाली त्याच वर्षी, १९६७ ला, राज्याचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. अ, ब, क, ड असे वर्ग, वर्गाप्रमाणे अनुदान. एका संस्थेने उर्दू शाळेतल्या मुलांसाठी पुस्तकं छापली. दुसरीकडे त्या मुलाने चौथीनंतर काय वाचायचं, याचा विचार आमच्या पेठेत कोणी केला नाही. ग्रंथालयशास्त्राचे एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये जे पाच नियम मांडले त्यांची तसबीर आमच्या ग्रंथपालांच्या टेबलामागे आहे. त्यातला दुसरा वाचकाच्या बाजूचा आहे : प्रत्येकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. वाचकाने आधी दहा अर्ज करावेत, असं त्या तसबिरीत कुठे लिहिलेलं मला दिसलं नाही.

आणि केवळ उर्दूचंच नाही. मुस्लिम मराठी साहित्य संमेलन पहिल्यांदा भरलं ते याच सोलापुरात, १९९० मध्ये. फकरुद्दीन बेन्नूर याच शहरात राहून मराठीत लिहीत गेले. आमच्या वाचनालयाच्या कपाटात त्यांचं एकही पुस्तक नाही. हमीद दलवाईंचं 'इंधन' आहे, पाठकोरं झालेलं. मराठीत लिहिणारा मुसलमान कपाटात नाही, उर्दूत लिहिणारा तर नाहीच, आणि भिंतीवर मात्र 'शहराच्या भाषा' म्हणून उर्दूची नक्षी हवी. बिर्याणी आवडते आणि शेजार नको, यातलाच हा प्रकार.

मागणी वहीची गोष्ट मात्र सांगायला हवी. कार्यवाहांनी ती माझ्यासमोर आपटली. "तुम्ही बावीस वर्षं सभासद आहात. दाखवा तुमची एक तरी मागणी." मी पानं उलटली. माझ्या अक्षरातल्या कितीतरी ओळी होत्या : कादंबऱ्या, चरित्रं, दिवाळी अंक. बेन्नूर नाहीत. उर्दू नाही. बावीस वर्षांत एकदाही मला हात उचलून ती ओळ लिहावीशी वाटली नव्हती. कदाचित वाटली असेल आणि 'हा आलाच आपलं घेऊन' असं कोणी म्हणेल म्हणून राहिली असेल. माझ्यासारखे मराठी वाचणारे मुसलमान वाचनालयात जरा जास्तच सभ्य वागतात. कार्यवाहांचा टोला बरोबर बसला, पण त्याने त्यांची सुटका होत नाही. वही त्यांच्या ताब्यात आहे, अनुदानही त्यांच्याच.

मी त्याच दिवशी वहीत सात नोंदी केल्या. चार मराठी, तीन उर्दू. उर्दूची नावं भाचीने दिली, मुलांची पुस्तकं आहेत. शिवाय समितीला लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली : चित्र परत लावावं, जमिनीवर नाही तर खिळ्यावर, इतर चित्रांच्या रांगेत. उद्या पानं सरळ करायची की तशीच ठेवायची, हे चित्रकाराने ठरवावं. ते त्याचं चित्र आहे. मामूंकडेही गेलो. फोटो दाखवला. त्यांनी चष्मा काढला, परत लावला, तोरण्यापर्यंत वाचलं आणि म्हणाले, "अरे, ये तो हम भी पढ़े थे." मग बराच वेळ बोलले नाहीत. अर्जावर त्यांची सही आहे, पहिलीच.

चित्रकाराला काल फोन केला. सगळं ऐकून तो गोंधळला, मग त्याने माफी मागितली. मी म्हटलं, माफी नको, चिठ्ठी बदल. काय लिहू, त्याने विचारलं. मी सांगितलं : 'इयत्ता चौथीचं इतिहासाचं पुस्तक, उर्दू माध्यम.' कोणत्या वर्षीचं आहे ते सापडलं तर तेही लिही, पंचांगासारखं नुसतं 'जुनं' नको. तो म्हणाला, वर्ष असलंच तर रंगाखाली कुठेतरी असेल, पण चित्र कपाटामागे आहे आणि त्या खोलीची किल्ली कार्यवाहांकडे.